आपल्या पायऱ्या : एका शब्दाची गोष्ट

(रौप्यमहोत्सवी सोहळ्याच्या पहिल्या संध्याकाळी केलेल्या भाषणाची संहिता. वेळेअभावी बोलायचे राहून गेलेले दोन-तीन मुद्दे इथे घातले आहेत.)



सचिवांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि हातात घंटा घेऊन ते समोरच बसले आहेत. बँकेत छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला वेळेचं महत्त्व शिकवावं लागत नाही. तीन वाजता काउंटर बंद म्हणजे बंद! तेव्हा घंटा वाजायच्या आत मी आवरतो.

आधी हा विषय माझ्या गळ्यात कसा पडला ते सांगतो. रौप्यमहोत्सवानिमित्त सोसायटीत नव्या पाट्या लावायचं ठरलं. क्लब हाऊस, बाग, जिना, पंप रूम अशा सगळ्या पाट्या मराठीत करायच्या, असा ठराव झाला. आपण आत्ता बसलो आहोत त्या जागेपाशी येऊन समिती अडली. बिल्डरच्या माहितीपत्रकात आणि मंजूर नकाशात हिचं नाव आहे ‘ॲम्फीथिएटर’. पंचवीस वर्षांत तो शब्द धड उच्चारणारी चार माणसं आपल्याकडे निघाली असतील. वॉचमन ‘गोल’ म्हणतात. कामवाल्या मावशी ‘थेटर’ म्हणतात. मुलं ‘पायऱ्या’ म्हणतात. समितीने मला सांगितलं, “काका, तुम्हाला शब्दांचा नाद आहे. याला चांगला मराठी प्रतिशब्द द्या.”

शब्दांचा नाद मला खरोखरच आहे. मी बी.कॉम. झालो आणि आयुष्यभर आकडे लिहिले, पण मॅट्रिकला संस्कृत होतं. ते शिकवणारे गुरुजी असे होते, की अजून एखादा शब्द दिसला की त्याची फोड केल्याशिवाय मला चैन पडत नाही.

तर ‘ॲम्फीथिएटर’. शब्द ग्रीक आहे आणि त्याचे दोन तुकडे आहेत. पहिला ‘ॲम्फी’. याचा अर्थ दोन्ही बाजूंना, सभोवार. तुम्ही म्हणाल, हा तर परका शब्द. पण तो तुमच्या मुलांच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे. बेडकाला इंग्रजीत ‘ॲम्फिबियन’ म्हणतात आणि मराठीत ‘उभयचर’. पाण्यात आणि जमिनीवर, दोन्हीकडे जगणारा. तोच हा ‘ॲम्फी’. आणि ज्यांनी शाळेत संस्कृत घेतलं असेल त्यांना ‘अभितः’ आठवत असेल. अभितः, परितः आले की द्वितीया लावायची, नाहीतर गुरुजींची छडी! ‘अभितः’ म्हणजे दोन्ही बाजूंना. ग्रीक ‘ॲम्फी’ आणि आपलं ‘अभितः’ ही एकाच घरातली चुलत भावंडं आहेत.

दुसरा तुकडा ‘थिएटर’, मूळ ग्रीक ‘थेआट्रॉन’. ‘थेआ’चा संबंध पाहण्याशी, आणि शेवटचा ‘ट्रॉन’ म्हणजे साधन किंवा जागा. हा ‘ट्रॉन’सुद्धा आपल्या ओळखीचा आहे. नेत्र, पात्र, वस्त्र, शस्त्र यांच्या शेवटी जो ‘त्र’ आहे ना, त्याचंच हे ग्रीक रूप. म्हणजे ‘थेआट्रॉन’ म्हणजे पाहण्याची जागा.

इथे एक गंमत आहे, ती नीट लक्षात घ्या. ती पुढे लागणार आहे. प्राचीन ग्रीसमध्ये ‘थेआट्रॉन’ हे नाव नटांच्या जागेचं नव्हतं. नाचगाणाऱ्यांच्या गोल अंगणाला ‘ऑर्केस्ट्रा’ म्हणायचे आणि त्यामागच्या खोपटाला ‘स्केने’. त्यावरूनच इंग्रजीतला ‘सीन’ आला. ‘थेआट्रॉन’ म्हणजे डोंगराच्या उतारावर बांधलेल्या, बसायच्या पायऱ्या. ग्रीसमध्ये एपिडॉरस इथे इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातलं असं एक थिएटर अजून उभं आहे. पायऱ्यांच्या पंचावन्न रांगा, सुमारे चौदा हजार माणसं बसतील एवढं. हळूहळू पायऱ्यांचं नाव सगळ्या जागेला पडलं. म्हणजे नाव मिळालं ते पाहणाऱ्यांवरून, करणाऱ्यांवरून नाही.

आपल्याकडेही तसंच आहे. आपण ‘प्रेक्षागृह’ म्हणतो, त्यात ‘ईक्ष्’ म्हणजे पाहणे. भरताच्या नाट्यशास्त्रात नाट्यगृहाचे तीन आकार सांगितले आहेत : लांबट, चौकोनी आणि त्रिकोणी. माणसांसाठी मध्यम मापाचं, चौसष्ट हात लांब आणि बत्तीस हात रुंद एवढंच बरं, असंही सांगितलं आहे. कारण काय? त्याहून मोठं केलं तर आवाज पोहोचत नाही आणि चेहऱ्यावरचे भाव दिसत नाहीत. दोन हजार वर्षांपूर्वीच्या लोकांना कळलेली ही गोष्ट आपल्या साउंड सिस्टीमवाल्याला अजून कळायची आहे, ते सोडा.

नाट्यशास्त्रातच एक कथा आहे. पहिलं नाटक उघड्यावर झालं, इंद्राच्या ध्वजोत्सवात. त्यात दैत्य हरले असं दाखवल्यामुळे समोर बसलेले दैत्य चिडले. त्यांनी विघ्नांना हाताशी धरून प्रयोग बंद पाडला. मग ब्रह्मदेवाने विश्वकर्म्याला नाट्यगृह बांधायला सांगितलं. म्हणजे उघड्यावर कार्यक्रम केला की तक्रारी येणार, ही परंपरा आपल्या सोसायटीने सुरू केलेली नाही. (इथे सी विंगकडून हशा आला होता.)

आता मूळ मुद्दा. आपली ही जागा ‘ॲम्फीथिएटर’ आहे का?

२०११ साली आम्ही दोघं एका टूरबरोबर युरोपला गेलो होतो. रोममध्ये कोलोसियम पाहिलं. गाइड सांगत होता, याचं खरं नाव फ्लेवियन ॲम्फीथिएटर, सम्राट टायटसच्या काळात इसवी सन ८० मध्ये सुरू झालं, एका बाजूने १८८ मीटर आणि दुसऱ्या बाजूने १५६ मीटर. मी वहीत आकडे लिहून घेत होतो. जुनी सवय. तेवढ्यात आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, हे तर पूर्ण गोल आहे. आपलं अर्धंच आहे की.”

मी गाइडला विचारलं, तो पुढच्या पॉइंटकडे निघाला होता. परत आल्यावर मी स्वतः पुस्तकं काढली, आणि हिचं म्हणणं बरोबर निघालं. अर्धवर्तुळात पायऱ्या आणि समोर मंच, हे साधं थिएटर. अशी दोन थिएटरं तोंडाला तोंड लावून जोडली आणि मधली जागा मोकळी ठेवली, की होतं ॲम्फीथिएटर. दोन्ही बाजूंनी पाहायची जागा. त्या मधल्या जागेत वाळू पसरत. वाळूला लॅटिनमध्ये ‘हरेना’ म्हणतात, त्यावरून ‘अरेना’ हा शब्द आला. पॉम्पेईमध्ये इसवी सनापूर्वी ७०च्या सुमाराचं दगडी ॲम्फीथिएटर अजून आहे. त्याच्या शिलालेखात हा शब्दच नाही. तिथे लॅटिनमध्ये ‘स्पेक्टाक्युला’ म्हटलं आहे. म्हणजे तेच, पाहण्याच्या जागा. वास्तू आधी आली आणि नाव मागाहून.

रोमन लेखक प्लिनी याने एक अजब हकिकत लिहून ठेवली आहे. क्युरियो नावाच्या एका पुढाऱ्याने वडिलांच्या मृत्यूनिमित्त लोकांसाठी खेळ ठेवले. त्यासाठी त्याने लाकडाची दोन थिएटरं बांधली, पाठीला पाठ लावून आणि फिरत्या खुंटांवर. सकाळी दोन्हीकडे वेगवेगळी नाटकं. दुपारी ती दोन्ही थिएटरं गर्रकन फिरवायची, टोकं जुळवायची, की झालं गोल ॲम्फीथिएटर, आणि मग मध्ये ग्लॅडिएटरांच्या झुंजी! प्लिनी चिडून लिहितो, की लोक जागेवरून न उठता त्या फिरत्या लाकडावर बसून राहत. आणि या झुंजींची रोममधली सुरुवात झाली तीही इसवी सनापूर्वी २६४ मध्ये, एका घरच्या कर्त्या पुरुषाच्या अंत्यविधीच्या वेळी. हे तेव्हा वाचलं आणि विसरून गेलो. पुढे आठवायची वेळ आली.

थोडक्यात, व्युत्पत्तीच्या हिशेबाने बिल्डरने आपल्याला अर्धी वस्तू देऊन नाव मात्र पूर्ण वस्तूचं लावलं. हे मी हिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “कार्पेटच्या बाबतीतही तेच केलं होतं त्याने.”

आता मला एक कबुली द्यायची आहे. नव्या सभासदांना माहीत नसेल. २०१४ साली मी खजिनदार होतो. गाड्या वाढत होत्या, भांडणं होत होती, रात्री उशिरा येणाऱ्याला गाडी बाहेर रस्त्यावर लावावी लागत होती. तेव्हा मी स्वतः एक टिपण तयार केलं होतं. चौथरा आणि पायऱ्या तोडून जागा सपाट केली तर अकरा गाड्या बसतील. जागेचा सध्याचा वापर : वर्षातून नऊ दिवस. गणपतीचे पाच, स्वातंत्र्यदिन, प्रजासत्ताकदिन, कोजागिरी आणि वार्षिक स्नेहसंमेलन. नऊ दिवसांसाठी एवढी जागा अडवणं परवडणारं नाही, असा शेरा मी मारला होता. टिपण नीट टाइप करून, खाली सही करून. सभेत ते अवघ्या तीन मतांनी पडलं.

घरी हिने ते वाचलं होतं. तुमच्यातल्या पुष्कळांना माहीत आहे, गणपतीत मुलांच्या नाटुकल्या आणि नाट्यछटा तीच बसवायची. जून संपला की संध्याकाळी सहा वाजता ती या तिसऱ्या पायरीवर येऊन बसायची आणि समोर चौथऱ्यावर मुलांचा धुडगूस. वाचून झाल्यावर चष्मा काढून ती एवढंच म्हणाली, “नऊ दिवस? मग मी रोज जाते ते कुठल्या खात्यात टाकलंत?”

मी म्हटलं, “तालमी धरल्या नाहीत, फक्त कार्यक्रम धरलेत.” ती काही बोलली नाही. पण सभेत तिने हात वर केला तो माझ्या टिपणाच्या विरोधात. त्या तीन मतांतलं एक मत माझ्या घरातलं होतं!

पुढची गोष्ट २०२० सालची. मे महिना होता. कडक लॉकडाऊन होतं. तिला करोना नव्हता. हृदयविकाराचा झटका आला आणि पहाटे घरातच गेली. मुलगा बंगळुरूला अडकलेला, सून आणि नात त्याच्याकडे. अंत्यविधीला वीसपेक्षा जास्त माणसं नकोत असा नियम होता. वीस कुठली, बिल्डिंगमधून खाली उतरायलाच लोक घाबरत होते, आणि ते साहजिक होतं. त्यांना मी कधीही दोष दिलेला नाही.

तेव्हा बी विंगसमोर पाण्याच्या लाइनसाठी खणलेलं होतं. लॉकडाऊनमुळे काम तसंच पडलेलं. शववाहिका आमच्या दारापर्यंत येईना. ती इथे, या चौथऱ्याच्या बाजूला थांबली. चौघांनी तिला इथपर्यंत आणलं. वॉचमन, सी विंगमधले दोन तरुण आणि मी. गाडीत ठेवण्याआधी क्षणभर या चौथऱ्यावर टेकवलं. मी वर पाहिलं.

समोर पायऱ्या रिकाम्या होत्या. पण पायऱ्यांच्या मागे ए विंग आहे, तिच्या सातही मजल्यांच्या गॅलऱ्या भरलेल्या होत्या. मागे वळलो तर सी विंगच्याही. तोंडाला मास्क लावलेली माणसं, हात जोडलेले. कुणी बोलत नव्हतं. तिने ज्यांच्या नाटुकल्या बसवल्या ती आता मोठी झालेली मुलंमुली आईवडिलांच्या शेजारी उभी होती. एकीने गॅलरीच्या कठड्यावर पणती ठेवली. मग आणखी दोन-चार ठिकाणी पणत्या दिसल्या. पहाट उलटून गेली होती, उजेड होता, तरी ठेवल्या.

दोन्ही बाजूंना माणसं आणि मध्ये ती. तेव्हा माझ्या डोक्यात काही विचार होता असं मी म्हणणार नाही. पण दहाएक दिवसांनी, दिवसवार झाल्यावर, रात्री झोप येईना म्हणून गॅलरीत उभा होतो. खाली ही रिकामी जागा दिसत होती. तेव्हा तो क्युरियो आठवला, त्याची ती फिरवून जोडलेली दोन अर्धुकं आठवली. आणि वाटलं, हिला सांगायला हवं, की बिल्डरचं नाव चुकलेलं नाही. त्याला ठाऊक नसेल, पण सी विंगच्या गॅलऱ्या धरल्या तर आपलं अर्धं नाही. पूर्ण आहे. सांगायला ती नव्हती. म्हणून आज तुम्हाला सांगतो.

आता प्रतिशब्दाकडे येतो. मी समितीसाठी यादी केली होती. ‘खुला रंगमंच’ हा सरकारी आहे, आणि त्यात पाहणारे येत नाहीत. ‘प्रेक्षागृह’ म्हटलं तर ‘गृह’ कुठे आहे, वर आभाळ आहे. ‘आखाडा’ हा छान जुना शब्द, संस्कृत ‘अक्षवाट’वरून आलेला, पण वार्षिक सभाही आपण इथेच घेतो, तेव्हा उगाच सुचवायला नको! कोकणात आणि गोव्यात शिमग्याचे आणि जागराचे खेळ होतात त्या अंगणाला ‘मांड’ म्हणतात. शब्द सुंदर आहे, पण त्या जागेला गावाचं दैवत आणि मानकरी लागतात. आपण ठाण्याचे, तेव्हा ‘कट्टा’ सुचणं ओघानेच आलं. आचार्य अत्रे कट्ट्यावर मी स्वतः नेमाने जातो. ‘कट्टा’ जवळ जवळ ठरलाच होता.

पण गेल्या महिन्यात लिफ्टमध्ये दोन मुलांचं बोलणं कानावर पडलं. एक म्हणाला, “सहा वाजता पायऱ्यांवर ये.” आणि माझी ट्यूब पेटली. थेआट्रॉन म्हणजे तरी काय? बसून पाहायच्या पायऱ्या! ग्रीक लोकांनी जे केलं तेच आपल्या पोरांनी शब्दकोश न उघडता केलं. बसायच्या जागेचं नाव सगळ्या जागेला दिलं. तेव्हा माझी शिफारस अशी, की पाटीवर एकच शब्द लिहावा : ‘पायऱ्या’. मंजूर नकाशात ‘ॲम्फीथिएटर’ राहू दे, कागदोपत्री नाव बदलायला गेलो तर आणखी पंचवीस वर्षं जातील.

घंटा वाजायच्या आत शेवटचा मुद्दा. येत्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत पार्किंगचा विषय पुन्हा आहे. ठरावाबरोबर आधार म्हणून जोडलेलं टिपण माझंच आहे, २०१४चं. ते मी लेखी मागे घेत आहे. बँकेत चुकीची नोंद खोडायची नसते, उलटी नोंद घालून दुरुस्त करायची असते. आजचं हे भाषण म्हणजे माझी उलटी नोंद समजा. त्या टिपणात मी कार्यक्रम मोजले, तालमी मोजल्या नाहीत. खेळणारे मोजले, बसणारे मोजले नाहीत. गॅलरीतून पाहणारे तर मोजता येतात हेच मला तेव्हा माहीत नव्हतं.

पण गाड्यांची अडचण खोटी नाही. ज्याला रात्री साडेअकराला दमून आल्यावर गाडी लावायला जागा मिळत नाही, त्याला ग्रीक शब्दाची फोड सांगून उपयोग नाही. त्याचा विचार तुम्ही सगळ्यांनी करा. मी माझ्यापुरता केला आहे. माझी गाडी मी २०२२ मध्ये विकली. स्टिल्टमधली १७ नंबरची जागा तेव्हापासून रिकामी आहे, मुलगा आला तर लागेल म्हणून ठेवली होती. तो वर्षातून दोनदा येतो, आणि रिक्षाने येतो. ती जागा मी सोसायटीला परत करत आहे. पत्र आत्ताच सचिवांच्या हातात दिलं आहे, घंटेच्या खाली आहे बघा.

अकरापैकी एका गाडीची सोय झाली. उरल्या दहा. अशा रिकाम्या जागा स्टिल्टमध्ये आणखी किती आहेत, ते सभासदांनी आपापल्या मनाशी मोजावं.

उद्या संध्याकाळी मुलांचं नाटक आहे. सगळ्यांनी यावं. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी गॅलरीतून पाहिलं तरी चालेल, ती जागाही यातच धरलेली आहे. मी तिसऱ्या पायरीवर असेन.